तिरकी काठी

कंपनी मला मुद्दाम माझ्याच गावात मोजणीला पाठवते. परक्या माणसाच्या अंगावर लोक कुत्री सोडतात, माझ्या अंगावर नातेवाईक येतात, एवढाच फरक.

सिआया शहराकडे जाणारा रस्ता रुंद होणार आहे. त्याची कड आखत मी आमच्या अंगणापर्यंत आलो. माझ्या काठीच्या वरच्या टोकाला बसवलेलं यंत्र उपग्रहांवरून जागा ओळखतं आणि नकाशात ठरलेल्या नेमक्या बिंदूवर आलं की वाजतं. ते आईच्या थडग्यावर वाजलं.

मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं मात्र कळलं.

आमच्यात नवऱ्याला घराच्या उजव्या बाजूला पुरतात आणि बायकोला डाव्या. उजवीकडे वडील आहेत. डावीकडे रस्ता येणार. मग आईला उचलून ठेवायचं कुठे?

धाकटी आई, म्हणजे माझ्या आईची सवत, मागच्या तिच्या वेगळ्या घरापुढे मक्याच्या पिठाच्या उगालीचं भांडं घासताघासता उठून आली. दोघींचं जन्मभर पटलं नाही.

"काठी जरा तिरकी धर की, ओगोला. मागच्या मोजणीवाल्याने चर्चचं कुंपण तसंच वाचवलं. गावाला ठाऊक आहे."

मी काठी कलवली. यंत्राच्या पडद्यावरचा आकडा हलला नाही.

"अजून कलव."

"कितीही कलवली तरी तेच, धाकटी आई. यातल्या एका भागाला कल कळतो. खालचं टोक खरं कुठे आहे ते तो सांगतो."

"मग तो काढ. सकाळी डब्यांसारखे एकावर एक बसवत होतास ना?"

खरं होतं. नवी यंत्रं अशी सुट्या भागांचीच येतात. बॅटरी, रेडिओ, लागेल ते जोडायचं. मी तो भाग काढून खिशात टाकला आणि काठी कलवली. वरचं यंत्र वाजलं तेव्हा काठीचं खालचं टोक थडग्यापासून हातभर रस्त्याकडे होतं. मी तिथे ठोकायला खुंटी काढली.

"हा हातभर रस्ता मग कमी होणार?" तिने विचारलं.

"नाही. रुंदी ठरलेली आहे. समोरून घेतील."

समोर ओबुरा म्हातारा नव्या घराच्या पायरीवर शेंगा सोलत बसला होता. छपराचे पत्रे अजून चकाकत होते. त्याने आम्हाला बघून हात वर केला. धाकट्या आईनेही केला.

मग तिने स्वतःच काठी धरून सरळ केली.

"लाव तो भाग परत."

मी लावला. सिमेंटमध्ये खुंटी जात नाही, म्हणून थडग्यावर लाल रंगाने फुली मारली.

"हिला आता कुठे न्यायचं?" मी विचारलं.

"माझ्या घराच्या डावीकडे. तिथवर तुझा रस्ता येत नाही."

"ती तुझी जागा आहे."

"मग मी शेजारी झोपेन," भांड्याकडे परत जात ती म्हणाली. "सरकून घे म्हणावं तिला. जिवंतपणी कधी सरकली नाही."