पेटीतला ओंकार

त्या रविवारी आमच्या विठ्ठल मंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. पार हूटगळ्ळी गावाहून माणसं आली होती. गाभाऱ्यासमोर पाटावर माझ्या भाचीची, वनजाची, गिटार आडवी ठेवलेली. शेजारी हळदकुंकवाने माखलेली पत्र्याची पेटी, आणि तिला जोडलेल्या स्पीकरमधून एकसारखा आवाज: ॐऽऽऽ!

"ऐका! हा प्रणव आहे!" नादमूर्ती स्वामी गर्जत होते. "अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनीसुद्धा हात टेकले!"

कुठल्या शास्त्रज्ञांनी, ते विचारायची सोय नव्हती. स्वामींनी गिटारजवळ हात नेला, आवाज चढला. तारांवर तळवा ठेवला, आवाज बसला. "पाहिलंत? माझं ऐकतो!" अर्धी सभा रडायला लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कारण ती पेटी वनजाने स्वतःच्या हाताने बनवलेली. जुन्या डब्यात ट्रान्झिस्टर बसवून, तारांना कथलाचा डाग देऊन. गिटारचा गोड सूर तिच्यातून गेला की खरखरीत, दमदार होऊन बाहेर पडतो. वर एक बटण, ते पायाने दाबायचं. एकादशीच्या भजनात तिने वाजवली आणि सगळं चालू ठेवून कॉफी प्यायला गेली. परत येते तो पेटी आपोआप घुमत होती आणि तिचा देव झालेला! मंदिरात मुक्कामाला आलेल्या स्वामींनी फर्मान काढलं: गिटारला, पेटीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, बायकांनी तर नाहीच. आणि या पोरीने यापुढे गिटार वाजवायची नाही. मंदिराचे पंच पांडुरंगराव लगेच काचेच्या कपाटाचं माप घेऊ लागले.

तेव्हापासून पोरगी धड जेवली नव्हती. "आत्या, हेच काढून घेतलं तर मी करू काय गं?" म्हणायची. मला फार वाईट वाटायचं.

त्या रविवारी मात्र ती गर्दी सारत पुढे आली.

"पांडुरंगमामा, पेटी माझी आहे. द्या."

"अय्यो वनजा, साकु! पुरे झालं! पाय लावत होतीस देवाला!"

"मामा, दसऱ्याच्या आयुधपूजेला शिलाई मशीनला हार घालता. दुसऱ्या दिवशी तिच्याच पेडलवर पाय देता की नाही?"

शिंप्यांचीच सभा ती. मागून कोणीतरी खुदकन हसलं.

"आत्या, इकडे ये. तारांवर हात ठेव."

मी विधवा, मला पाटापासून लांब बसवलेलं. उठले.

"खबरदार! भस्म व्हाल बाई!" स्वामी ओरडले.

"होऊ दे. रोज इस्त्रीने भाजतेच आहे."

मी हात ठेवला. ॐ गप्प! उचलला, पुन्हा सुरू. मग पुजारी शेषगिरी भीत भीत आले, त्यांच्याही हाताने गप्प. शेवटी खुद्द पांडुरंगरावांनी बोट लावलं, तरी तेच.

"हौदा? खरंच?" ते बोटाकडे बघत राहिले. "मग हा ओंकार कसला?"

"ट्यूबलाइट बंद करा," वनजा म्हणाली. ती बंद झाली तसा ओंकार निम्मा झाला. "दिव्यांची, भिंतीतल्या वायरींची घरघर गिटार पकडते. माझी पेटी ती कितीतरी पट वाढवते. माणूस जवळ गेला की त्याच्या अंगातूनही ती गिटारमध्ये शिरते, म्हणून आवाज चढतो. तारा आतून अर्थिंगला जोडलेल्या आहेत. त्यांना हात लागला की अंगावरची घरघर जमिनीत जाते. कोणाचाही हात चालतो, मामा. म्हणून तर बाकीच्यांना हात लावायची बंदी होती!"

सगळे स्वामींकडे वळले. स्वामी मात्र दाराशी चपला शोधत होते.

वनजाने पदराने पेटीचं कुंकू पुसलं, गिटार गळ्यात अडकवली आणि सगळ्यांदेखत बटणावर पाय दिला. असा आवाज निघाला की खांबावरची कबुतरं उडाली. कोणीही भस्म झालं नाही.

भक्ती करा, माझी ना नाही, मीही करते. पण कोणी म्हणालं, 'याला हात लावू नका', तर ही बंदी कोणाच्या सोयीची, एवढं तिथल्या तिथे विचारा. आम्ही विचारलं नाही, म्हणून आमची पोरगी स्वतःच्याच वस्तूला हात लावल्याबद्दल पापी ठरली.