कडी काढलेलं कपाट

मित्रांनो, मी एक जुनं पत्र्याचं कपाट आहे. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेर मी उभं असतं. माझं डावं दार कुरकुरतं, आणि स्वभावही थोडा तसाच आहे.

उमेदीची वर्षं प्रयोगशाळेत गेली. पोटात काचेची भांडी, अंगावर आम्लाचे डाग. तेव्हा माझं केवढं कौतुक! पुढे नवी कपाटं आली आणि मला जिन्याखाली ढकललं. कित्येक वर्षं कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

एक दिवस शिपाई मावशींनी मला घासूनपुसून इथे आणलं आणि माझ्यात सॅनिटरी पॅडची पाकिटं रचली. शाळेत अचानक पाळी आली तर मुलींचं अडायला नको, म्हणून. मला कोण आनंद झाला! पण मुख्याध्यापक पडले शिस्तीचे. वस्तू वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी मला कुलूप घातलं. किल्ली स्वतःच्या टेबलावर ठेवली. जिला लागेल तिने मागून न्यावी, म्हणाले.

वर्षभर एकही मुलगी मागायला गेली नाही. सरांनी पाकिटं जशीच्या तशी पाहिली. "बघा, गरजच नाही. आता नवीन मागवू नका."

आठवीत एक मुलगी होती. इतकी बोलायची, की सगळे तिला 'रेडिओ' म्हणत. वक्तृत्व स्पर्धेसाठी तिने महिनाभर माझ्यासमोर उभं राहून भाषण घोकलं होतं. स्पर्धेच्या दिवशी ती धावत आली, स्कर्ट मागून दप्तराने झाकलेला. तिने माझी कडी ओढली, पुन्हा ओढली. माझ्या पोटात पाकिटं खच्चून भरलेली, आणि मला दार उघडता येईना. सभागृहात तिचं नाव तीनदा पुकारलं गेलं. ती माझ्या आडोशाला बसून रडत होती.

मावशींना ती तिथे दिसली. "अगं बाई, किल्ली मागायची ना!"

"कशी मागू, मावशी? सरांसमोर चार माणसं बसलीत. कशाला हवी विचारलं तर काय सांगू?"

मावशींनी आपला स्वेटर तिच्या कमरेला बांधला आणि तडक सरांकडे गेल्या. "सर, कपाट भरलेलं आहे ते गरज नाही म्हणून नव्हे. पोरींना तुमच्याकडे मागायची लाज वाटते म्हणून!"

"माझ्या हे डोक्यातच आलं नाही, हो," सर म्हणाले. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन आले आणि कुलपासकट कडीच उपटून काढली. पुढच्या आठवड्यात नर्सबाई आल्या. पाळी म्हणजे आजार नाही, पाप नाही, हे त्यांनी मुलामुलींना एकत्र बसवून समजावलं. सर स्वतः शेवटच्या बाकावर बसले होते.

रेडिओची स्पर्धा मात्र हुकली ती हुकलीच. ते मला अजून लागतं.

यंदा शाळेच्या पहिल्या दिवशी ती माझ्या दाराला टेकून नव्या मुलींना सांगत होती, "हे उघडंच असतं. कुणाला काही विचारायचं नाही. आणि शेवटचं पाकीट घेतलंत तर मावशींना सांगा, म्हणजे पुढचीचं अडणार नाही." तिचा आवाज पार जिन्यापर्यंत जात होता.

मित्रांनो, मला रंग लावला नाहीत तरी चालेल. दाराला तेलही नको. फक्त मला रिकामं पडू देऊ नका. आणि कडीच्या जागी जी दोन भोकं राहिली आहेत, ती कधी बुजवू नका.