नगली गेली कुठे?

सिसिलिया परेरा अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत कॉम्प्युटर ऑपरेटर होती. साल १९८६. अख्ख्या संस्थेत कॉम्प्युटर एकच. त्याच्यासाठी एसी, माणसांसाठी पंखे. चपला दाराबाहेर काढायच्या. मशीन कुणाला कधी द्यायचं हे सिसिलियाच्या हातात, त्यामुळे मोठमोठे डॉक्टरसाहेबही तिच्याशी गोड बोलायचे.

एका मंगळवारी घाटकोपरच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या रत्नप्रभा सामंत आल्या. पिशवीत चपलांच्या दोन खोक्यांत गच्च भरलेली कार्डं. किनाऱ्यावरच्या गावागावांतून त्यांनी जमवलेले खाण्यापिण्याचे शब्द.

"हे सगळं आत जाईल ना गं?"

"जाईल मॅडम, पण इंग्रजी अक्षरांत. याला मराठी येत नाही."

मागच्या खुर्चीवरून अंबादास वानखेडे हसले. "आता कॉम्प्युटरवर मराठीसुद्धा?" ते मूळचे अमरावतीचे, संख्याशास्त्रातले पक्के. मढच्या बंदरावर उतरणाऱ्या मासळीचा पाच वर्षांचा हिशेब करत होते. स्वतः मात्र माशाला कधी हातही न लावलेले.

सिसिलियाने मॅडमना आपली रोजची जेवणाची सुट्टी देऊन टाकली. डबा खाता खाता ती टाइप करायची, मॅडम वाचून दाखवायच्या. तीन आठवड्यांत खोकी रिकामी झाली.

त्याच सुमारास अंबादास एक लांबलचक प्रिंटआउट नाचवत आले. "सिसिलिया, बघ! चौऱ्याऐंशीपासून मढला नगली शून्य! मासा संपला. पुढच्या आठवड्यात परिषदेत बॉम्ब टाकतो."

"संपली कशी, सर? रविवारी आमच्या मरोळच्या घरी तळली की!"

"एका घरच्या तव्यावरून शास्त्र ठरत नाही."

सिसिलियाला ते काही पटेना. दुपारी तिने मॅडमची फ्लॉपी घातली आणि मशीनला 'नगली' शोधायला सांगितलं. एक ओळ आली: मुडदुशे, मालवणकडचा शब्द, मुंबईकडे नगली. मग तिने सरांच्या यादीत मुडदुशे शोधलं. चौऱ्याऐंशीच्या आधी एकही नाही. नंतर टोपल्याच टोपल्या.

मॅडम फ्लॉपी न्यायला आल्या, तेव्हा त्यांच्यादेखतच तिने दोन्ही कागद सरांपुढे ठेवले. त्यांनी बोट फिरवत तारखा जुळवून पाहिल्या. मग हळूच म्हणाले, "बंदरावर नोंदी घेणारा माणूस बदलला तेव्हा. आता दत्ताराम आहे."

"गाव कुठलं त्याचं?" मॅडमनी विचारलं.

"मालवण."

मॅडम खो खो हसत सुटल्या. "अहो, मग तो मुडदुशेच लिहिणार!"

अंबादासांचे कान लाल झाले. चारशे लोकांपुढे काय वाट लागली असती! ते उठले आणि आपली खुर्ची मॅडमसाठी पुढे सरकवली. "बसा. अजून अशी किती नावं आहेत?"

संध्याकाळपर्यंत अकरा मासे सापडले, दोन-दोन नावांचे. परिषदेत अंबादासांनी वेगळाच निबंध वाचला, एकाच माशाच्या अनेक नावांमुळे आकडे कसे फसतात त्यावर. निबंधावर नावं तीन होती. सिसिलियाचं स्पेलिंग चुकलं होतं, तरी तिच्या आईने तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावला.

पुढे संस्थेने दोन्ही याद्या एकत्र करून कुणालाही वापरायला खुल्या केल्या. पहिला आला बोरिवलीचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ, रानभाज्यांची पोतडी घेऊन.

"आत या," सिसिलिया म्हणाली, "पण आधी सांगा, ही नावं कुठल्या गावची?"