पहिला अंगठा उमटला होता

मी एक जुनी, गंजलेली शाईची डबी आहे. अंगठा उठवायची. आज माझ्यात शाई कमी आणि धूळ जास्त. पण मित्रांनो, एटापल्लीच्या बँकेसमोर चिंचेखाली वामनराव मला घेऊन बसायचा, तेव्हा माझा थाट काय विचारता! ज्यांना लिहिता येत नाही, त्यांची पैसे काढायची स्लिप तो भरून द्यायचा. त्यांची पासबुकंही सांभाळायचा, कारण झोपडीत पाऊस गळतो आणि उंदीर कागद खातात. सगळे त्याला भला माणूस म्हणायचे.

गुणाबाई जंगलात तेंदूपानं तोडायची. तिच्या नवऱ्याचा, लटारूचा, पाय लाकडाखाली चेचला होता. नागपूरला वेळेत ऑपरेशन झालं नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून ती मीठमिरचीपुरतं काढून बाकी सगळं खात्यात ठेवायची. तेंदूची पुडकी जिथे विकतात, त्या फळीवर रीत एकच: आधी अंगठा, मग मोजणी. तीच सवय घेऊन ती चिंचेखाली आली. कोऱ्या स्लिपवर अंगठा द्यायची आणि वामनराव आकडा मागाहून लिहायचा. वर म्हणायचा, "उमटला नाई, बाई. आणखी एक दे."

पानं तोडून बोटांच्या रेषा झिजतात, हे तिला ठाऊक होतं. बिचारी दुसऱ्या स्लिपवर पुन्हा द्यायची. पण पहिला अंगठा स्वच्छ उमटलेला असायचा, माझ्याहून चांगलं ते कोणाला कळणार? ती पहिली स्लिप वामनरावच्या खिशात जायची. मागाहून तिच्यावर आकडा टाकून, गुणाबाईच्या पासबुकासोबत देऊन तो पैसे काढायचा; बाजाराच्या गर्दीत बँकेत कोण कोणाचा चेहरा पाहतो?

मृगाच्या तोंडावर, पैसे काढून नागपूरला न्यायचं म्हणून, तिने लटारूला बैलगाडीत घालून बँकेत आणलं. खातं रिकामं होतं. वामनराव मला चिंचेखाली टाकून केव्हाच पळाला होता, आणि शिपायाने मला उचलून बँकेतल्या बाबूच्या टेबलावर ठेवलं होतं. बाबूने तिला स्लिपा दाखवल्या.

"अंगठा माहाच हाय, साहेब," ती म्हणाली. "पर मी आलीच नाई."

बाबूने स्लिपा फायलीत परत ठेवल्या. लटारूचा पाय गेला.

पुढच्या उन्हाळ्यात मी फळीवर पुडकी मोजून घेणाऱ्या मुनशीच्या हाती लागले. गुणाबाई पुडकी घेऊन आली. मागे कुबडीवर लटारू. तिने अंगठा मुठीत आवळून धरला.

"आधी मोजा, मंग घ्या."

मुनशी म्हणाला, तसं असेल तर पुडकी परत ने. थोड्या वेळाने तो झिजलेला अंगठा माझ्यावर टेकला.

मित्रांनो, कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, सहीही नको. पासबुक परक्याच्या हाती सोडू नका. उमटला नाही म्हणाले, तर तो कागद मागून घ्या आणि स्वतःच्या हाताने फाडा. हे मी गुणाबाईला सांगितलं असतं. पण मला तोंड नाही, आणि तिला माझ्याशिवाय सही नाही.