धुऊन आलेलं स्तोत्रपुस्तक

माझा भाऊ अँब्रोज थर्कल याच्या इंग्लंडातल्या श्रॉपशर परगण्यातल्या घरात चौदा हजार पुस्तकं होती आणि पाहुण्याला बसायला धड खुर्ची नव्हती, खुर्च्यांवरही पुस्तकंच. एका जुन्या स्तोत्रपुस्तकापायी मात्र त्याची झोप उडाली होती. त्याच्या प्रतीतली बारा पानं गहाळ होती, आणि पूर्ण प्रत होती आमच्याच चर्चमधल्या जेबेझ पेलकडे.

जेबेझ सज्जात उभा राहून गाऊ लागला की देवाचं वचन थेट काळजात उतरायचं. त्याच्या आजाने आणि बापाने बांधलेल्या एकतीस चाली त्या पुस्तकाच्या समासांत शाईने लिहिलेल्या होत्या, दुसरीकडे कुठेच नाहीत. म्हाताऱ्याचं स्मरण आता दगा देऊ लागलं होतं. सगळी भिस्त त्या समासांवर. अँब्रोजने शेत देऊ केलं तरी तो विकेना. शेवटी मीच मध्ये पडले. बारा पानं उतरवून घेऊ, महिन्याभरात परत करू, असं ठरलं. माझ्या शब्दावर त्याने पुस्तक दिलं.

महिन्याने अँब्रोजने त्याला घरच्या ग्रंथालयात चहाला बोलावलं, हेच नवल. टेबलावर लाल चामड्याचं, सोनेरी कडांचं पुस्तक होतं.

"घे म्हातारबा, उघड. तुझंच पुस्तक लंडनच्या बांधणीवाल्याकडून नवं करवून आणलंय. माझ्याकडून भेट."

जेबेझने उघडलं. छापील ओळींभोवतीचा कागद पांढराशुभ्र. त्याने एक उलटलं, दुसरं उलटलं, मग भराभर उलटत गेला. उठून खिडकीपाशी गेला आणि एक पान उजेडात धरलं.

"साहेब, चाली कुठं आहेत?"

"ती शाईची घाण? सगळी धुऊन काढली. तीनदा पाणी बदलून. कडाही छाटून सारख्या केल्यात."

अँब्रोजचा चेहरा फुलला होता. जुनं पुस्तक हाती आलं की आधी त्याला न्हाऊ घालायचं, ही या संग्राहकांची रीतच. त्याने आपल्या परीने म्हाताऱ्याचा मान केला होता.

"माझा बाप होता त्यात," जेबेझ एवढंच म्हणाला.

अँब्रोजने माझ्याकडे पाहिलं, मग त्या पानाकडे. आणि जो माणूस पुस्तकाला कुणाची बाही लागू देत नसे, तो पुस्तकांच्या ढिगावरच मटकन बसला.

मी जेबेझला म्हटलं, आठवेल तसं गा, मी उतरवून घेते. पण लिहू कुठे? समास छाटलेले. त्या खोलीत शाईला बंदी होती. अँब्रोज उठला, स्वतः दौत घेऊन आला आणि पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

"छापलेल्या ओळींवरच लिही."

जेबेझने डोळे मिटले. चार चाली पुऱ्या उतरल्या. पाचवीच्या मध्यावर तो थांबला. लेखणीच्या टोकाचा थेंब पानावर पडला, तो कुणी टिपला नाही.

जेबेझने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"पुढं काय होतं, बाईसाहेब?"