कागदावरचा जिन्न

जार्वोबुवाच्या ओसरीवर टेकडीवरचं सगळं गाव लोटलं होतं. बुवांनी कुठल्याशा शहरी भंगारातून मेंदूच्या लहरी काढायचं यंत्र पैदा केलं होतं आणि आता माणसाच्या अंगात शिरलेल्या प्रत्येक जिन्नाची जात म्हणे कागदावर उमटत होती.

"बुटकी लाट, म्हणजे जिन्न लाजाळू! उंच लाट, म्हणजे तापट! आणि सपाट रेघ आली तर समजा, साहेब दुपारची झोप काढताहेत!"

गावातला वालुयो वर्षभर न दिसणाऱ्या माणसांशी भांडत होता. बुवांनी त्याच्या कानशिलांवर तारा चिकटवल्या, तोंडात विडा कोंबला. "चाव! जिन्नाला भूक लागलीय!"

यंत्राचे रेघा ओढणारे टाक थयथयाट करू लागले. बुवा ओरडले, "तापट! पाय खोड्यात घाला आणि काळी कोंबडी मला आणून द्या!"

फणसाच्या ओंडक्याला पायांपुरती दोन भोकं पाडून वडलांनी खोडा तयारच ठेवला होता. तो बघून वालुयोच्या बहिणीला, सुतार्मीला, शेजारच्या गावातला एकजण आठवला. तो अशा खोड्यात नऊ वर्षं होता. सुटला तेव्हा त्याला चालता येईना. पण तिनं आणखी एक गोष्ट पाहिली होती. वालुयो चावायचं सोडून थुंकायला थांबला की टाकही थांबत.

"बुवा, तुमच्या पवित्र लहरी दाखवा की आम्हाला!" ती म्हणाली.

"माझं डोकं म्हणजे निवांत तळं," म्हणत बुवा तारा स्वतःच्या कानशिलांवर चिकटवून फुगून बसले. गालात त्यांचा नेहमीचा विडा होताच. दोनदा चावला मात्र, टाक थेट कागदाबाहेर!

"अगं बाई, बुवांना तर वालुयोपेक्षा तापट जिन्न!" कुणीतरी म्हणालं. ओसरी खदाखदा हसली.

मग वालुयोनं चूळ भरली, तारा पुन्हा लावून घेतल्या आणि तो डोळे मिटून गप्प बसला. रेघ शांत झाली.

दवाखान्यातली एंडांग सिस्टर पुढं झाली. "चावताना कानशिलाचे स्नायू हलतात, तेच इथं उमटतात. वालुयोला आहे तशा मनाच्या आजाराच्या निरनिराळ्या प्रकारांत लहरी कशा बदलतात, ते मोठे डॉक्टर अजून तपासताहेत. नुसती रेघ बघून निदान करायची त्यांचीही छाती होत नाही, आणि हे विड्यावर करतात! आबा, वालुयो आजारी आहे. आजाराला औषध लागतं, माणसांची सोबत लागते. खोड्यानं फक्त पाय जातात."

वडलांनी खोडा पायानं बाजूला सारला. मग विचारलं, "त्या ओंडक्याचं काय करू?"

"चुलीत घाला आणि त्यावर भात शिजवा," सुतार्मी म्हणाली.

"लवकर शिजवा," वालुयो म्हणाला. "भूक मला लागलीय."