जेवढी हवा बाहेर, तेवढी आत

मित्रांनो, माझं नाव चिमणी. मला पंख नाहीत, पंखा आहे. कोल्हापुरात फुलेवाडीला एका घराच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीच्या बरोबर वर, मी चार वर्षं भिंतीला धरून आहे. पत्र्यावर ओरखडे पडलेत आणि मधलं बटण दोनदा दाबल्याशिवाय लागत नाही. मला हसू येत नाही की रडू येत नाही. मला फक्त हवा कळते. या घरात जे घडलं ते मी जसंच्या तसं सांगणार आहे.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये माझा पत्रा कापला, वाकवला आणि पोटात मोटर बसवली. तिथल्या तपासणीच्या बाईंनी मला चालू करून माझ्या तोंडाशी एक कागद धरला. कागद सुटला नाही. त्यांनी माझ्या पाठीवर शिक्का मारला आणि मी खोक्यात गेले.

मला या घरात आणलं ते विजयमाला आजींच्या खोकल्यामुळे. तिखटासाठी मिरच्या भाजायला घेतल्या की आजींना ढास लागायची. त्यांचा मुलगा श्रेणिक, सून अनुजा आणि पाचवीतली नात आदिती अशी घरात चार माणसं. श्रेणिक पतसंस्थेत नोकरीला. अनुजा घरूनच चटण्या आणि मसाले करून देते, त्यामुळे शेगडीला विसावा कमी.

मला बसवायला हंबीरराव नावाचे फिटर आले. गडहिंग्लजकडचे, पन्नाशी ओलांडलेले, बोलायला मोजके. त्यांनी शेगडीपासून अडीच फूट मोजून भिंतीवर खूण केली. खाली लावली तर आगीला जवळ, फार वर लावली तर धूर निसटतो, असं ते मापं घेताना स्वतःशीच पुटपुटत होते. माझा पाइप त्यांनी आखूड ठेवला, एकच वळण दिलं आणि भिंतीबाहेर काढून तोंडावर झडप बसवली. अर्थिंग तपासूनच प्लग लावला.

जाताना ते अनुजाला म्हणाले, "वैनी, ही जेवढी हवा भायेर टाकंल, तेवढी कुठनं तरी आत यायला पायजे. खिडकी उघडी ठेवत जावा."

"हो, ठेवू की," अनुजा म्हणाली. तिचं लक्ष माझ्या दिव्याकडे होतं.

पहिलं वर्ष कौतुकात गेलं. शेजारच्या बायका येऊन बटणं दाबून बघायच्या. आजींचा खोकला कमी झाला. या जैन घरात संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत उरकतं, त्यामुळे माझंही काम लवकर संपायचं. अनुजा दर पंधरा दिवसांनी प्लग काढून माझ्या जाळ्या उतरवायची, सोडा घातलेल्या गरम पाण्यात भिजवायची, ब्रशने घासायची आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावायची. तेल साठणारी वाटी रिकामी करायची. माझ्या पोटात तेलाचा थर कधी धरला नाही. शेगडीची आग तेल धरलेल्या जाळीपर्यंत पोचली तर काय होतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला मुळातच चिकटपणा आवडत नव्हता.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या मोकळ्या जागेत इमारतीचं काम सुरू झालं. सिमेंटची धूळ भांड्यांवर, पिठात, भाजलेल्या मसाल्यावर बसू लागली. श्रेणिकने एका रविवारी स्वयंपाकघराची खिडकी बंद केली आणि फटीवर चिकटपट्टी मारली. डिसेंबरात थंडी पडली, तशी बाकीची दारं-खिडक्याही बंदच असायची. न्हाणीघराच्या वरच्या झडपांतून आदितीच्या अंगावर वारा यायचा, म्हणून आजींनी तिथे एक जाड पुठ्ठा खोचून दिला. दोघांनीही हे काळजीपोटी केलं. त्यात मला काही वावगं दिसलं नाही. मी माझं काम करत राहिले.

न्हाणीघर स्वयंपाकघराला लागूनच आहे. तिथे तेव्हा गॅसचा गिझर होता आणि त्याचा धूर पत्र्याच्या नळीतून वर बाहेर जायचा. पुठ्ठा लागल्यापासून मला एक फरक जाणवू लागला. खिडकीकडची हवा येत नव्हती. त्याऐवजी न्हाणीघराच्या दाराखालच्या फटीतून कोमट, दमट हवा माझ्याकडे सरकत होती. हवा कुठूनही आली तरी मी ओढते. ती सोबत काय घेऊन येते हे मला कळत नाही.

त्याच दिवसांत आदिती अंघोळ करून आली की कपाळ धरून बसायची. "डोकं जड झालंय," म्हणायची. अनुजाला वाटलं, उपाशीपोटी असते म्हणून. श्रेणिकने डोळे तपासून आणले. नंबर निघाला नाही.

मग तो रविवार आला. अनुजाने आदल्या दिवशीच माझ्या जाळ्या धुतल्या होत्या. सकाळी तिने मोठ्या कढईत मिरच्या घातल्या आणि मला तिसऱ्या वेगावर लावलं. आदिती डोकं धुवायला न्हाणीघरात गेली. गिझर पेटला. स्वच्छ जाळ्यांमुळे त्या दिवशी माझी ओढ जास्त होती. मिरच्यांचा एक कणही बाहेरच्या खोलीत गेला नाही. तिथे आजी बसून तांदूळ निवडत होत्या.

आजींनी ताट खाली ठेवलं आणि आत आल्या.

"अनुजा, ते बंद कर आधी. पाणी नुसतं वाहतंय, पोरीचा आवाज न्हाई."

अनुजाने माझं बटण दाबलं. मी थांबले, तेव्हा कुठे स्वयंपाकघरातही पाण्याचा आवाज ऐकू आला. बादली भरून वाहत होती.

"आदिती," आजींनी दारावर थाप मारली. "बोल की गं. आदे."

आतून काहीच आलं नाही. श्रेणिक धावत आला. त्याने दोनदा खांदा मारला, कडी निघाली नाही. आजींनी खलातला बत्ता त्याच्या हातात दिला. तिसऱ्या घावाला कडी तुटली. आदिती भिंतीला टेकून बसल्यासारखी पडली होती. चेहरा लालसर, डोळे अर्धे मिटलेले. अनुजाने गिझर बंद केला, टॉवेल गुंडाळला आणि दोघांनी तिला उचलून गॅलरीत नेलं. शेजाऱ्यांच्या गाडीतून ते दवाखान्यात गेले. आजी एकट्या घरी राहिल्या. कढईतल्या मिरच्या काळ्या पडल्या होत्या. त्यांनी शेगडी बंद केली.

दवाखान्यात आदितीला प्राणवायू लावला. गिझरच्या धुरातला विषारी वायू अंगात गेला, त्याला वास नसतो, रंग नसतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणखी दहा मिनिटं गेली असती तर सांगता आलं नसतं, असंही ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी आदिती घरी आली. चालताना तिने आजींचा हात धरला होता.

सगळ्यांनी गिझरला दोष दिला. गिझरचा मेकॅनिक आला, उघडून बघितलं, नळी बघितली. त्यात बिघाड नव्हता. श्रेणिकला ते पटेना. "मग पोरगी अशी पडली कशी?" तो सारखं विचारत होता. 

मला जिथून आणलं त्या दुकानातून ही गोष्ट हंबीररावांच्या कानावर गेली. ते न बोलावता आले. त्यांनी सगळ्यांना गॅलरीत उभं केलं, गिझर तसाच बंद ठेवला आणि देव्हाऱ्यातली एक उदबत्ती पेटवून नळीच्या तोंडाशी धरली. धूर वर नळीत गेला. मग त्यांनी मला तिसऱ्या वेगावर लावलं आणि परत न्हाणीघरात गेले. उदबत्तीचा धूर वळला. नळीत जायचा तो खाली उतरला, जमिनीवरून अर्धवट उघड्या दाराकडे गेला आणि माझ्याकडे येऊ लागला. गॅलरीचं दार लावलेलं होतं, त्याच्या काचेतून चौघं ते बघत होते. 

हंबीररावांनी खिडकीची चिकटपट्टी ओढून काढली, तावदान सरकवलं आणि उदबत्ती पुन्हा नळीशी धरली. धूर पुन्हा वर गेला.

"गिझर बी चांगला, चिमणी बी चांगली," ते म्हणाले. "घर सगळं बंद, मग हिनं हवा आणायची कुठनं? त्या नळीतनं वडून घेतली. वर जाणारा धूर माघारी आला."

मग ते म्हणाले, "खिडकी उघडी ठेवा म्हणालो, पर घरात गॅसचा गिझर हाय काय ते इचारलं न्हाई. माझं चुकलं, दादा."

"चिकटपट्टी मी मारली," श्रेणिक म्हणाला.

आजी आत गेल्या. त्यांनी स्टूल घेतलं, न्हाणीघरातला पुठ्ठा उपसून काढला आणि बाहेर आल्या. "ह्यो मी लावला होता," त्या म्हणाल्या. पुठ्ठा त्यांनी हातातच धरून ठेवला होता. शेवटी आदितीने तो काढून घेतला.

त्याच आठवड्यात गॅसचा गिझर गेला आणि विजेचा आला. खिडकीला बारीक जाळी बसली, भिंतीत हवा यायला वेगळं भोक पाडलं. तरीही अनुजाने मला चार महिने लावलं नाही. माझ्यावर तिने जुनी ओढणी टाकली होती. मिरच्या भाजायची तेव्हा सगळं घर खोकायचं, पण ती माझ्या बटणाकडे बघायची नाही. आजींची ढास परत आली. 

एका दुपारी अनुजा मसाला भाजत होती. आजी बाहेरच्या खोलीत खोकत होत्या आणि खोकला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडाशी पदर धरत होत्या. आदिती शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि थेट स्वयंपाकघरात आली. तिने खिडकीचं तावदान पूर्ण सरकवलं. ओढणी काढली. आईचा हात हवेतच थांबला.

"नको गं," अनुजा म्हणाली.

"खिडकी उघडी हाय, आई. बघ तरी."

तिने मला चालू केलं आणि खिडकीच्या जाळीसमोर तळहात धरला. बाहेरची हवा तिच्या बोटांमधून आत येत होती. तिने आईचा हात ओढून तिथे धरला.  मग अनुजाने हात काढून घेतला आणि ती मसाला परतायला लागली. बाहेर आजींचा खोकला थांबला.

आदिती आता नववीत आहे. मी रोज चालते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझी एखादी बहीण असेल. तिच्या जाळ्या धुवा, वाटीतलं तेल काढा, धुण्याआधी प्लग काढा. आणि आज घरी गेल्यावर मोठ्यांना एवढंच विचारा, की ही चालू असते तेव्हा बाहेरची हवा आपल्याकडे कुठून येते. त्यांना लगेच सांगता आलं नाही, तर वाद घालू नका. तुम्हीच उठून खिडकी उघडा.